शरद ऋतूतील गावाचे आरोग्य : लोधीखेड्याच्या निमित्ताने

भाद्रपद सरत आला, आभाळ निवळू लागले, उन्हाला धार आली की आपल्याकडे सणांची लगबग सुरू होते आणि त्याच सुमारास दवाखान्यांपुढे गर्दीही वाढू लागते. आश्विन-कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने. कवींनी या ऋतूच्या चांदण्याचे कौतुक केले. वैद्यांनी मात्र त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. शरद ही वैद्यांची आई, कारण ती त्यांचे पोट भरते, अशा अर्थाची एक जुनी थट्टा संस्कृतात आहे. शंभर शरद जगण्याचा आशीर्वाद देण्याची आपली रीतही याच संदर्भात समजून घ्यावी असे मला वाटते. ज्याने शरद पार केला, त्याचे ते वर्ष पार पडले, असा अनुभव त्या आशीर्वादामागे असावा.

प्रस्तुत लेखात या ऋतूत गावाचे आरोग्य का बिघडते, त्यासाठी कोणती व्यवस्था आहे आणि ती कोठे अपुरी पडते, याचा विचार करावयाचा आहे. उदाहरण म्हणून मी लोधीखेडा हे गाव घेतले आहे. ते माझे आजोळ असल्याने त्या भागाची थोडी माहिती मला आहे. परंतु ते घेण्याचे खरे कारण पुढे येईल.

जुने शास्त्र काय सांगते?

आयुर्वेदात ऋतुचर्या हा स्वतंत्र विषय आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय त्यालाच वाहिलेला आहे. त्यातील विचार थोडक्यात असा : वर्षाऋतूत शरीर ओलाव्याला व गारव्याला सरावलेले असते. त्या काळात साचत गेलेले पित्त शरदातील एकाएकी तापणाऱ्या उन्हाने खवळते. म्हणून या दिवसांत कडू, तुरट व गोड रसांचे, हलके अन्न भूक लागल्यावरच घ्यावे. तांदूळ, मूग, आवळा, पडवळ, साखर, मध हे चांगले. दही, तेल, तीव्र मद्य, पोट तडस लागेपर्यंतचे जेवण, दिवसाची झोप आणि भर उन्हात फिरणे वर्ज्य. दिवाळीच्या पहाटे कडू कारीट फोडून जिभेला लावण्याची चाल आपल्याकडे आहे. तिचा या कडू रसाच्या उपदेशाशी काही संबंध असेल काय, हा अभ्यासण्यासारखा विषय आहे.

याच अध्यायात 'हंसोदक' नावाच्या पाण्याचे वर्णन येते. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले आणि अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने निर्विष झालेले असे ते पाणी. यातील निरीक्षण खोटे नाही. पावसाळ्यातील गढूळ लोंढे थांबतात, गाळ खाली बसतो आणि नदीचे पाणी या दिवसांत खरोखरच नितळ दिसू लागते. परंतु नितळ पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. कॉलरा, विषमज्वर व कावीळ यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. तेव्हा अगस्त्य उगवला तरी पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकूनच प्यावे. सार्वजनिक विहिरीसाठी चांगल्या प्रतीची ब्लिचिंग पावडर साधारणपणे दर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम या प्रमाणात लागते व ती टाकल्यावर पाणी निदान तासभर तरी वापरू नये.

जुन्या शास्त्राने आहार-विहाराचे जे सांगितले त्यातील पुष्कळसे आजही हितकर आहे. मात्र त्याचा भर एका माणसाच्या शरीरावर आहे. शरदातले मोठे आजार गावाच्या शरीरात जन्म घेतात. डबकी, टाक्या, गवत, गोठे, शेते ही त्यांची घरे. एकट्याने मूग खाऊन आणि दही टाळून शेजाऱ्याच्या टाकीतला डास मरत नाही. म्हणून व्यक्तीच्या ऋतुचर्येबरोबर गावाचीही ऋतुचर्या हवी.

लोधीखेडा आणि तेथील शरद

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले की सावनेर व केळोद मागे पडून महाराष्ट्राची हद्द संपते आणि मध्य प्रदेशातील पहिल्या मोठ्या गावांत लोधीखेडा लागते. पुढे सौंसर, रामाकोना, मग सातपुड्याचा घाट. पूर्वी या मार्गावर नागपूर-छिंदवाडा अशी छोटी रेल्वे धावत असे. ती २०१५ च्या अखेरीस बंद होऊन तिच्या जागी रुंद मार्ग झाला. सौंसर व पांढुर्णा हा सारा टापू बोलीने, सणांनी आणि पिकांनी विदर्भाचाच आहे. घरांत मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी. शेतात कापूस आणि संत्री. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून हा टापू वेगळा काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला.

शरदात या भागात कामाची एकच घाई असते. आंबिया बहाराची संत्री उतरणीला येतात, कापसाची बोंडे फुटू लागतात, सोयाबीनची कापणी असते. बागांत कमरेइतके गवत वाढलेले असते व ते काढल्याशिवाय झाडांपर्यंत जाता येत नाही. मुली संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणत अंगणोअंगणी जातात. आपल्याकडच्या हादग्याचीच ती बहीण. आणि डास चावण्याची वेळ, गवतात शिरण्याची वेळ व फवारणीची वेळ हीदेखील नेमकी हीच.

याच टापूत पांढुर्णा येथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात 'गोटमार' होते. पांढुर्णा व सावरगाव येथील लोक परस्परांवर दगड फेकतात आणि दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. तेथील प्रशासन त्या दिवसासाठी आधीपासून तयारी करते : तात्पुरती उपचार केंद्रे, डॉक्टरांची नेमणूक, रुग्णवाहिका. प्रथेविषयी आपले मत काहीही असो, येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जखमांची तारीख पंचांगात ठरलेली असली की सरकारी यंत्रणा आधी जाऊन उभी राहू शकते. तापाचा मोसमही पंचांगात ठरलेलाच आहे. पोळ्यानंतर तो सुरू होतो व दिवाळीनंतर थंडी पडली की ओसरतो. त्याला मात्र आपण दरवर्षी 'साथ आली' असे म्हणतो, जणू ती न सांगता आली.

तीन ताप

या दिवसांतील तापांपैकी तीन ताप प्रत्येक विद्यार्थ्याला ओळखता आले पाहिजेत.

पहिला हिवताप, म्हणजे मलेरिया. त्याचा परजीवी ॲनोफिलीस डासातून पसरतो हे रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात परजीवी पाहून दाखवून दिले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे व आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम व १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. डी. डी. टी. फवारणारे आणि घराच्या भिंतीवर तारीख घालून जाणारे मलेरियावाले जुन्या पिढीला आठवतात. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखापर्यंत खाली आली. मग आपण निश्चिंत झालो, डासांना औषध सोसू लागले, पुरवठा आणि पाहणी ढिली पडली, आणि १९७६ मध्ये हा आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. त्यानंतर धोरण बदलून नियंत्रणाचा मार्ग धरावा लागला व आज रुग्णसंख्या पुन्हा बरीच खाली आली आहे. रोग कमी झाला म्हणून पाहणी कमी करावयाची नसते, हा या इतिहासाचा धडा. रुग्णाच्या बाबतीतही तेच खरे. व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापात परजीवी यकृतात दडून बसतो, म्हणून प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. ताप तिसऱ्या दिवशीच उतरतो आणि बहुतेक लोक तेथेच गोळ्या सोडतात.

दुसरा डेंग्यू. त्याचा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो : रांजण, सिमेंटची टाकी, कूलर, कुंडीखालची थाळी, छपरावरचे टायर. अंड्यापासून डास होण्यास सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावयाची. यालाच कोरडा दिवस म्हणतात. घासणे महत्त्वाचे, कारण अंडी कडेला चिकटून कित्येक महिने कोरडी राहूनही जिवंत असतात. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे धोका टळला असे लोक समजतात. वस्तुतः धोक्याचे दिवस बहुधा तेव्हाच सुरू होतात. ताप उतरत असताना पोटात जोराचे दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, फार ग्लानी यांपैकी काही दिसले तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. तापासाठी पॅरासिटामॉलखेरीज ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये; त्यांनी रक्तस्राव वाढतो.

तिसरा ताप आपल्याकडे त्या मानाने कमी ओळखला जातो. त्याचे नाव स्क्रब टायफस. गवतात व झुडपांत राहणाऱ्या अतिसूक्ष्म माइटच्या अळीच्या चाव्यातून तो होतो. चावल्यापासून साधारण दहा दिवसांनी ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. कित्येक रुग्णांच्या काखेत, जांघेत किंवा कमरेशी विडीचा चटका बसल्यासारखा काळा खपलीचा डाग असतो. तो दुखत नाही, म्हणून कोणी दाखवीत नाही आणि डॉक्टरने कपडे काढून पाहिले नाही तर तो दिसतही नाही. २०१८ च्या पावसाळ्यानंतर नागपूर भागात या तापाची मोठी साथ झाली आणि तेथे उपचाराला आलेल्यांत मध्य प्रदेशातील रुग्णही होते. डॉक्सीसायक्लीन हे जुने व स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर रुग्ण दोन-तीन दिवसांत सुधारतो. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड व मेंदू यांपर्यंत रोग जातो. संत्र्याच्या बागेत गवत काढणाऱ्या माणसाने 'मी गवतात काम करतो' एवढे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. निदानाला त्याची फार मदत होते. कामावरून आल्यावर गरम पाणी व साबणाने अंघोळ, कपडे धुणे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गवतावर उघड्या अंगाने न लोळणे हे साधे उपाय आहेत.

कापूस पिकविणाऱ्या भागासाठी याला आणखी एका गोष्टीची जोड द्यावी लागते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात जुलै ते नोव्हेंबर या काळात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर वाढली होती व फवारा अंगावरच पडत होता. डोळ्यांची बाहुली बारीक होणे, लाळ, घाम, उलट्या, छातीत घरघर ही लक्षणे दिसताच कपडे काढून अंग साबणाने धुवावे व औषधाचा डबा सोबत घेऊनच रुग्णाला दवाखान्यात न्यावे. डब्यावरचे नाव वाचूनच डॉक्टरला योग्य उतारा देता येतो.

२०२५ चा शरद

आता मी या लेखाच्या मुख्य भागाकडे येतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया भागात लहान मुलांना नेहमीसारखी सर्दी, खोकला व ताप येत होता. त्यात नवे काही नव्हते. परंतु काही मुलांना औषध सुरू केल्यावर उलट्या होऊ लागल्या, मग लघवी कमी होत होत बंद झाली आणि मूत्रपिंडे निकामी झाली. पालक त्यांना घेऊन नागपूरला धावले. आरंभी पाण्याचा, उंदरांपासून होणाऱ्या रोगाचा, मेंदूज्वराचा संशय घेण्यात आला व त्यांच्या तपासण्या झाल्या. पुढे मूत्रपिंडाच्या तपासणीतून विषबाधेकडे बोट गेले आणि आजारी मुलांमध्ये समान असलेली गोष्ट सापडली : 'कोल्ड्रिफ' नावाचे खोकल्याचे औषध. ते तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झाले होते. तमिळनाडूच्या औषध प्रशासनाने तपासलेल्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य ४८.६ टक्के आढळले. अशा औषधात त्याची कमाल मर्यादा ०.१ टक्का आहे. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी मध्य प्रदेशाने या औषधावर बंदी घातली. तोपर्यंत आणि त्यानंतरच्या दिवसांत मिळून वीसहून अधिक मुले दगावली. ती बहुतेक छिंदवाडा जिल्ह्यातील होती. बैतूल व पांढुर्णा जिल्ह्यांतीलही होती. बहुतेकांचे वय पाच वर्षांच्या आत होते.

या विषाचे रसायनशास्त्र आपल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावे. पॅरासिटामॉलसारखी औषधे पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून पातळ औषधात ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. डायइथिलीन ग्लायकॉल दिसायला तसेच, चवीला गोडसर आणि किमतीला स्वस्त. त्याचा खरा उपयोग कारखान्यांत. शरीरात गेल्यावर त्यापासून डायग्लायकॉलिक आम्ल बनते व ते मूत्रपिंडाच्या नलिकांचा नाश करते. कारखान्यात येणारे प्रत्येक पिंप तपासले तर हे विष बाटलीत जाऊ शकत नाही. ती तपासणी कायद्याने बंधनकारक आहे आणि अवघड मुळीच नाही.

अधिक विषण्ण करणारी गोष्ट ही की, हा धडा जगाने यापूर्वी अनेक वेळा गिरविला आहे. १९३७ च्या शरदात, सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत, अमेरिकेत याच द्रव्यात विरघळविलेले सल्फानिलामाइडचे औषध पिऊन शंभरावर माणसे मेली. त्यातून तेथे १९३८ चा औषध कायदा झाला. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिले गेल्याने चौदा रुग्ण मरण पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. औषधखरेदीपासून तपासणीपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावरील दोष त्या अहवालाने उघड केले. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया देशात साठांहून अधिक मुलांच्या मृत्यूंचा संबंध अशाच पातळ औषधांशी जोडला गेला आणि ती औषधे भारतात तयार झालेली होती. एवढे सारे होऊनही २०२५ मध्ये परासियातील आईने चमच्यात ओतलेल्या औषधाची खात्री कोणी केलेली नव्हती.

येथे आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : ते औषध शुद्ध असते तरी त्याची गरज होती काय? लहान मुलांचा साधा सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो व बहुधा आपोआप बरा होतो. सर्दीच्या ज्या दोन घटकांचे मिश्रण या औषधात होते, ते चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला होता. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की, दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देण्याचे कारण नाही. भरपूर पातळ पदार्थ, अंगावरचे दूध, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, विश्रांती, आणि वर्षाच्या वरच्या मुलाला चमचाभर मध, एवढे बहुतेक वेळा पुरते. वर्षाच्या आतील बाळाला मात्र मध चाटवू नये. त्यातून क्वचित प्रसंगी गंभीर विषबाधा होते.

मग भ्यावे कशाला? न्यूमोनियाला. आणि तो ओळखण्यास यंत्र लागत नाही. मूल शांत असताना त्याच्या पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात पन्नास किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक असतील, छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, झटके येत असतील किंवा सुस्त पडले असेल, तर त्याच वेळी दवाखाना गाठावा. विदर्भात या आजाराला 'डब्बा' म्हणतात. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात गावातल्याच साध्या माणसांना श्वास मोजावयास शिकविले. ज्यांना मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचे साधन केले. या कामाने बालमृत्यू घटल्याचे त्यांचे संशोधन १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. चमचाभर अनावश्यक औषधापेक्षा मिनिटभर श्वास मोजणे मुलाच्या अधिक उपयोगी पडते, हे त्यांनी आपल्याच विदर्भात सिद्ध केलेले आहे.

सीमेचा प्रश्न

लोधीखेडा निवडण्याचे कारण आता स्पष्ट होईल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्याच दिवशी, त्याच कायद्याने, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. आपल्या या अंकात मराठी व कन्नड असे दोन विभाग आहेत, त्याचे मूळही त्याच इतिहासात आहे. भाषेच्या प्रश्नावर आपण पुष्कळ बोललो. आजारी माणूस सीमा ओलांडतो तेव्हा काय होते, यावर मात्र फारसे बोलत नाही.

लोधीखेड्याचा रुग्ण फार आजारी पडला की त्याला नागपूर जवळ. चंदगडच्या रुग्णाला बेळगाव जवळ. निपाणीच्या रुग्णाला कोल्हापूर किंवा मिरज जवळ. हे स्वाभाविक आहे व ते थांबवू नये. आयुष्मान योजनेचे कार्ड राज्याबाहेरही चालते, ही सोय चांगली आहे. परंतु रुग्णाबरोबर त्याची माहिती परत येते काय? रोगसर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. उपकेंद्रातून संशयित रुग्ण, दवाखान्यातून निदान झालेले रुग्ण व प्रयोगशाळेतून सिद्ध झालेले रुग्ण अशी माहिती वर जाते. गावातला जो माणूस खाजगी दवाखान्यात किंवा पलीकडच्या राज्यात गेला, तो गावच्या उपकेंद्राच्या नोंदीत तापाचा रुग्ण म्हणून येतच नाही. अशी दहा माणसे गेली तरी गावाचा तक्ता कोरा, आणि कोरा तक्ता पाहून फवारणीची गाडी येत नाही.

२०२५ च्या प्रसंगात औषध एका राज्यात बनले, दुसऱ्यात प्यायले गेले आणि मुले तिसऱ्यात मरण पावली. तिन्ही ठिकाणी कचेऱ्या होत्या. सूत जुळेपर्यंत आठवडे गेले. सीमेवरच्या जिल्ह्यांनी निदान भाद्रपद ते कार्तिक या काळात दर आठवड्याला परस्परांचे रुग्ण परस्परांना कळवावेत, एवढी साधी व्यवस्था झाली तरी पुष्कळ साधेल. त्यासाठी नवे रुग्णालय बांधावे लागत नाही.

आपण काय करू शकतो?

सरकारी योजना नाहीत असे नाही. १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२५ या पंधरवड्यात स्त्रियांच्या आरोग्यतपासणीचे देशव्यापी अभियान झाले. त्याचा आरंभ मध्य प्रदेशातीलच धार येथून झाला होता. आशाताई, परिचारिका, आरोग्य उपकेंद्र ही साखळी गावोगावी आहे. शिबिर पंधरा दिवसांनी उठते. आशाताई गावातच राहते. म्हणून शिबिराच्या मांडवापेक्षा तिच्या पिशवीत तापाची तपासणी करण्याचे साहित्य, क्षारसंजीवनीची पुडी आणि घड्याळ आहे की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना एक काम सुचवितो. शरदाच्या आरंभी एक वस्ती निवडावी. प्रत्येक घरातील पाण्याची भांडी पाहावीत व अळ्या असलेली भांडी मोजावीत. समजा ८० घरे पाहिली, त्यांपैकी १२ घरांत अळ्या मिळाल्या आणि अळ्यांची भांडी एकूण २० निघाली. १२ ला ८० ने भागून १०० ने गुणले की घर निर्देशांक १५ येतो. शंभर घरांमागे अळ्यांची भांडी किती, हा ब्रेटो निर्देशांक. तो २५ येतो. घर निर्देशांक दहाच्या वर असेल तर डेंग्यू पसरण्यास रान मोकळे आहे असे समजावे. भांडी रिकामी करून आठ दिवसांनी पुन्हा मोजणी करावी. दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत, आपल्याकडे मराठीत आणि कन्नडमध्येही. लोकांना उपदेशाचा कंटाळा येतो, पण आपल्या गल्लीचा आकडा ते थांबून वाचतात.

दुसरे काम घरचे आहे. कपाटातील उरलेल्या औषधांच्या बाटल्या काढाव्यात, मुदत संपलेल्या व अर्धवट राहिलेल्या टाकून द्याव्यात. एका मुलाचे औषध दुसऱ्याला देऊ नये. औषध घेताना पावती मागावी व बाटलीवरील बॅच क्रमांक जपून ठेवावा. परासियाच्या तपासात हेच क्रमांक उपयोगी पडले. औषध घेत असलेल्या मुलाची लघवी सहा-आठ तासांत झाली नाही तर औषध थांबवून बाटलीसह रुग्णालयात जावे.

तिसरे काम प्राध्यापक मंडळींचे. दरवर्षी पोळ्याच्या आठवड्यात एक तास या विषयासाठी द्यावा. त्या तासाला हिवतापाच्या चौदा गोळ्या, डेंग्यूचे धोक्याचे दिवस, गवतातला काळा डाग आणि मिनिटाचे श्वास एवढ्या चार गोष्टी शिकवून झाल्या तरी पुरे. आपले विद्यार्थी ज्या गावांतून येतात, त्या गावांत त्या संध्याकाळपर्यंत पोहोचतील.